हाडांचं टाइमटेबल

५ ऑगस्ट १९५८, मंगळवार
चोरखमाऱ्याहून परत आलो. हिची थोरली बहीण प्रेमिलाबाई न्हाणीत घसरून पडली, कमरेजवळचं हाड मोडलं. पडली म्हणजे काय, नुसती बसली म्हणा. आता खाटेवर. पुन्हा उठणं कठीण, असं सगळे तिच्यासमोरच बोलतात.

परतीच्या गाडीत तिरोड्यापासून गोंदियापर्यंत ही खिडकीकडे तोंड करून बसली.  घरी आल्यावर शिंक्यावरचं दही काढायला हिनं पाट घेतला. पूर्वी टाचा उंचावल्या की हात पोचायचा. शिंकं मी स्वतः बांधलेलं आहे, ते वर सरकलेलं नाही. म्हणजे ही खाली आली. भीती वाटली. खरंच वाटली.

६ ऑगस्ट, बुधवार
गोंदियात डॉक्टरांकडे. एकटाच गेलो, हिला धानाच्या रोवणीला जायचं होतं. डॉक्टर म्हणाले, पन्नाशीनंतर बाईमाणसाची हाडं आतून विरळ होत जातात, वाळवी लागलेल्या वाशासारखी. बाहेरून कळत नाही. उपाय विचारले. दूध, पालेभाजी, काट्यासकट खायची बारीक मासळी, ऊन, चालणं. आणि मुख्य म्हणजे पडू देऊ नका, म्हणाले.

शेवटचं काही पटलं नाही. हे काय डॉक्टरनं सांगायचं झालं? मुद्दाम कोण पडतं?

तीस वर्षं गोंदिया जंक्शनवर गुड्स क्लार्क होतो. अख्ख्या मालगाड्या लावून दिल्या. एका बाईची हाडं लावता येणार नाहीत? उद्यापासून योजना.

७ ऑगस्ट, गुरुवार
टाइमटेबल तयार. सकाळी दूध. दहा ते अकरा ऊन. दुपारी मासळी. संध्याकाळी चालणं. पुठ्ठ्यावर लाल-निळ्या शाईनं लिहून स्वयंपाकघरात टांगलं. फार सुरेख झालं आहे. हिला वाचून दाखवलं. हिचं उत्तर : ते सारं ठीक आहे जी, पण विहिरीजवरचा फत्तर हालून राहिला, तेवढा बसवून देता का?

विषयाला सोडून बोलण्याची हिची जुनी सवय. तरी नोंद घेतली. विहिरीच्या ओट्याची पायरी, एक दगड. बसवून टाकू.

१० ऑगस्ट, रविवार
नंदलाल गवळ्याकडे शेरभर दूध जास्त लावलं. हिनं पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला. बायामाणसं का दूध पितात, म्हणे. आमच्या घरी ते पैलवानाले देत. वाया जाऊ नये म्हणून मी घेतलं. उद्या कडक शब्दांत सांगेन.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
झेंडावंदन. स्वतंत्र राष्ट्रातल्या स्त्रियांची हाडं कशी असावीत, यावर मनात विचार आले. चांगले होते.

दूध : मी. ऊन : नाही. आठ दिवस सूर्याचा पत्ता नाही. ही दिवसभर धानाच्या बांधीत वाकून रोवणी करते, पण ते काम झालं. त्याला व्यायाम म्हणता येत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
झामसिंगानं तलावातली बारीक मासळी आणून दिली. हिनं जवस घालून रस्सा केला. असा रस्सा जन्मात खाल्ला नव्हता. काट्यासकट सगळी खाल्ली. शिस्त म्हणजे शिस्त. ही नेहमीप्रमाणे मागाहून जेवायला बसली तेव्हा रस्सा उरला होता, मासळी नव्हती. रश्श्यातही सत्त्व उतरतंच.

१ सप्टेंबर, सोमवार
दगडाचा विषय हिनं पुन्हा काढला. शेवाळ आलं आहे, म्हणे. इन्स्पेक्शनला गेलो. पायरी दुरून पाहिली. शेवाळ होतं, म्हणून पाय ठेवला नाही. माझं पाणी न्हाणीत आयतं येतं, त्यामुळे त्या बाजूला कधी जाणं होत नाही. दगड वरवर तरी जागच्या जागी दिसला.

सिमेंटसाठी तहसीलला अर्ज टाकला. काम पक्कंच करायचं. कच्चं काम मला चालत नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार
संध्याकाळी हिला फिरायला नेलं. मी पुढे, ही मागे. नाक्यावर पानठेल्याशी टेकचंद भेटला, त्याला हाडांविषयी समजावून सांगण्यात थोडा वेळ गेला. वळून पाहतो तर ही गायब. घरी आलो तेव्हा ही गवताचा भारा डोक्यावरून उतरवत होती. म्हणे, उभी राहून का करू जी, गाय उपाशी.

डोक्यावर भारा टाइमटेबलात नाही. नापसंती व्यक्त केली.

२८ सप्टेंबर, रविवार
एक विलक्षण गोष्ट. गुडघे दुखायचे थांबले. माझे. जिना एका दमात चढलो. म्हणजे योजनेत तथ्य आहे! आता फक्त ती हिच्यापर्यंत पोचवायची.

प्रेमिलाबाईचा निरोप आला. शकुंतलेले एकदा पाठवा. ही म्हणाली, जाऊन येतो चार दिवस. मी म्हटलं, धान निसवायच्या बेतात आहे, आणि इथे माझ्या जेवणाचं काय? मंडईला जा. दिवाळीनंतर चोरखमाऱ्याला मंडईची जत्रा भरेल, मी रेल्वेचा पास काढून स्वतः पोचवीन. ही हो म्हणाली. लगेच बहिणीसाठी गोधडी शिवायला घेतली. बऱ्याच वर्षांनी हिला गुणगुणताना ऐकलं.

१२ ऑक्टोबर, रविवार
सिमेंट आलं! एक पोतं. बिसराम गवंड्यालाही बोलावलं. हिनं पहाटेच दगड राखेनं घासून ठेवला, वर घमेलं आणि पाणी भरून तयारी. एवढा उत्साह हिच्यात पाहिला नव्हता.

ऐन वेळी मला कल्पना सुचली. पाऊस संपला, ऊन आलं. हिनं उन्हात बसायचं तर बसायचं कुठे? अंगणात पूर्वेला पाठ टेकायला उतार असलेला एक ओटा हवा. सूर्यस्नानाचा. बिसरामला आराखडा काढून दिला. बिसराम म्हणाला, बाबूजी, थोडासा माल त्या फत्तरालेबी लावू का? मी म्हटलं, एका वेळी एक काम. मालडब्यात दोन पार्ट्यांचा माल मिसळला की घोळ झालाच म्हणून समजा.

 ही घमेलं उचलून आत गेली.

१९ ऑक्टोबर, रविवार
ओटा अप्रतिम झाला. उताराचा कोन बरोबर साधला आहे. पाहणी म्हणून दहा ते अकरा स्वतः बसलो. डोळा लागला. ही धान कापायला गेली आहे.

उरलेल्या मालाचं ध्यानातून गेलं, दवानं गोळा झाला. नवं पोतं पुन्हा मागवू.

२ नोव्हेंबर, रविवार
आमच्या गावच्या, मुर्रीच्या मंडईत दंडारीचं नाटक सुरू होण्याआधी मला दहा मिनिटं बोलायला देणार. विषय : स्त्रियांची हाडे, एक राष्ट्रीय प्रश्न. दूध, मासळी, ऊन आणि ‘पडणे टाळा’ असे चार भाग. चौथा भाग डॉक्टरांच्या सांगण्यातला. लिहिताना वाटलं, हाच भाग प्रभावी होईल.

एक शंका मनात आली. ही खरंच लहान होत चालली आहे की मला तसं दिसतं? दाराच्या चौकटीशी उभी राहा म्हटलं, तर हसली. म्हणे, आता का लगनाले पाहून राहिले?

११ नोव्हेंबर, मंगळवार
दिवाळी. गोधडी पूर्ण. पास हातात. वीस तारखेला चोरखमाऱ्याची मंडई. हिनं पेटी आत्ताच भरून ठेवली आहे. दगडाचं मी स्वतःहून काढलं : तू परत आलीस की पहिलं तेच काम. ही म्हणाली, बरं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी ओट्यावर बसून भाषणाची तालीम करत होतो. ‘पडणे टाळा’ या भागाशी आलो होतो. विहिरीकडे काही आपटलं. बादली निसटली असेल असं वाटलं. परिच्छेद पूर्ण केला.

मग शेजारच्या रुख्माची हाक आली. धावलो.

डाव्या पायाचं हाड घोट्याच्या वर मोडलं आहे. रुख्मानं आणि बिसरामनं उचलून बैलगाडीत घातलं. मी छत्री धरली. का धरली ठाऊक नाही, पाऊस नव्हता. रस्ताभर ही ओठ चावून पडली होती. माझा हात धरला होता, घट्ट. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, महिना-दीड महिना हलायचं नाही. मग मला विचारलं, दूध देत होता ना? मी म्हटलं, रोज शेरभर येतं. खोटं नाही ते.

१७ नोव्हेंबर, सोमवार
भाषण रद्द केलं. घसा बसला आहे, असं कळवलं. टेकचंद चोरखमाऱ्याला निघाला, त्याच्याबरोबर गोधडी पाठवली. हिनं स्वतःच पेटीतून काढून दिली. पेटीतलं बाकीचं सामान तसंच आहे. काढू का विचारलं, तर राहू द्या म्हणाली.

२० नोव्हेंबर, गुरुवार
चोरखमाऱ्याची मंडई.

टेकचंदचा निरोप आला. प्रेमिलाबाईनं गोधडी घेतली, उलटून पाहिली, आणि शकुंतला गाडीतून उतरून येऊनच राहिली असेल म्हणून दाराकडे पाहत बसली. तिला सांगायचं टेकचंदच्या जिवावर आलं. शेवटी सांगितलं. ही ऐकून रडली. मोठ्यानं नाही. 

दहा वाजता हिला उचलून ओट्यावर बसवलं. पाय पाटावर. पाठीला उतार बरोबर लागला. दूध दिलं, मुकाट्यानं प्यायली. दहा ते अकरा ऊन. म्हणजे टाइमटेबलाप्रमाणे आज पहिल्यांदाच सगळं वेळेवर झालं. लिहून ठेवतो आहे, कारण योजना म्हणून ती चुकीची नव्हती.

पाणी संपलं होतं. रुख्मा मंडईला गेली आहे. बादली मीच घेतली. ओट्यावरून हिनं हाक मारली. वाटलं, आता बोलेल. बोलावंच तिनं. हक्क आहे.

म्हणाली, पाय सांभाळून ठेवजा जी, डावा कोपरा हालते.

ठेवला. हलतो.