आंधळीपुढे चित्रं

डॉक्टरसाहेब,

माझी बहीण आंधळी होतीच, पुढे बहिरीही झाली. तुम्ही तिच्या कानात यंत्र बसवलंत, उपकार झाले. पण काल ऐकण्याच्या चाचणीत तिच्यापुढे चित्रं मांडून म्हणालात, "जो शब्द ऐकू येईल त्याच्या चित्रावर बोट ठेवा." आंधळीनं बोट कुठं ठेवायचं, तुमच्या टकलावर? वर शेरा मारलात, "यंत्राचा फायदा नाही, ऐकण्याचा सराव बंद."

घरी आल्यावर हीच बया बाहेरच्या खोलीतून ओरडली, "ताई, दूध उतू जातंय! कान फुटले का तुझे?"

हे पत्र मी पाठवणार नाही. यंत्र जुळवून देणारे इथं तुम्ही एकटेच आहात. सोमवारी कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेलं गोड हसू चढवून मी तुमच्याच दाराशी उभी राहीन आणि म्हणेन, "साहेब, माझंच काही चुकलं असेल, पुन्हा एकदा तपासा ना."

जीभ आवरून,
तिची ताई