मलपृष्ठावरची तळटीप

ती. मावशीस,

लांबूनच, पण अगदी कमरेत वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? (बाबा अजून मला ‘कॉलेज सोडलेलं कार्टं’ म्हणतात का, ते विचारत नाही.) मी ठीक आहे, म्हणजे हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय.

आमच्या प्रकाशनाचा इतिहास मी लिहितोय, हे तुला माहीत आहेच. सायकल दुकानाखालचं तळघर. मालकांनी (पहिली पुस्तकं सुतळीनं शिवली, म्हणून सगळे त्यांना ‘सुतळी’च म्हणतात) सुरुवात केली तेव्हा कागद एकाच पुस्तकापुरता होता. म्हणून पुढून सत्तेवरचे जड निबंध आणि पुस्तक उलटं धरलं की मागून गाणी, तीही ज्यांना कुठलं सभागृह दारात उभं करत नव्हतं अशांची, तळघरांतून चोरून गायलेली. झालं, प्राध्यापक गाणी गुणगुणू लागले, गाणारे निबंधांवरून हातघाईवर आले, आणि तीच आमची रीत ठरली.

इथवर इतिहास बिनधोक. घोळ घातला तळटिपेनं. आमच्याकडे मुद्रितं तपासते ती (नाव लिहीत नाही, लिहिलं तर पत्र तिथंच अडेल) माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, पण तळटीप सोडत नाही. म्हणून मी तळटिपेतच लिहिलं की, सत्ता म्हणजे काय हे प्रस्तुत लेखकाला निबंधांतून कळलं नाही, मुद्रितं तपासणारीनं मान वर केली तेव्हा कळलं. मुद्रित परत आलं, समासात लाल शाईनं शेरा: ‘विधान मोठे. आधार द्यावा.’ माझं डोकं असं सटकलं की कागद चुरगाळून फेकला. (मग इस्त्री करून सरळ केला.) आणि आधार दिला. त्यावर कडी म्हणजे सुतळींनी ते वाचलं, अख्ख्या पुस्तकात हाच एक खरा सिद्धांत म्हणाले, आणि टीप आधारासकट उचलून मलपृष्ठावर टाकली.

आता यंत्रावर कागद चढलाय आणि ती पलीकडच्या टेबलाशी शेवटचं मुद्रित बघतेय. टीप खोडली तर मी संपलो. नाही खोडली तर काय, ते मला ठाऊक नाही. मी सारखा पाणी प्यायला उठतोय. सुतळी म्हणाले, ‘बस रे एका जागी, यंत्र आधीच हलतंय.’

तुझाच,
कार्टं

ता. क. तिनं सही केली. टीप जशीच्या तशी. फक्त आधारावर बोट ठेवून म्हणाली, ‘हा मी स्वतः जाऊन तपासणार.’

पुन्हा ता. क. तो आधार म्हणजे तू. ‘लेखकाच्या मावशीशी प्रत्यक्ष संवाद’ असं लिहून बसलोय, आणि ती रविवारी तुझ्याकडे येतेय. वर्षभर मी तिच्यापायी तुझं डोकं खातोय, असं सांग. तिच्याआधीच्या त्या दंतवैद्याच्या मुलीचा विषय निघालाच, तर ती जुनी आवृत्ती होती, बाजारातून केव्हाच मागे घेतली म्हणावं.