चाफ्याच्या जागी

पोशेरा, ता. मोखाडा
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय कमलेश,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक. भात झोडून झालं, नाचणी अजून खळ्यावर आहे. थंडीने आईचा गुडघा धरलाय, पण बसून राहील तर ती आई कसली! शेजारची रुपी काकी तुझी आठवण काढते. पाड्यावरची निम्मी माणसं आता भिवंडीकडे कामाला निघतील, त्यामुळे सगळीकडे आवराआवर चालू आहे.

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. म्हणून कागदावर लिहिते. कागद कट करता येत नाही.

मंगळवारी तुझा मुकादम आला होता. मी अंगणवाडीतली खिचडी वाटून घरी आले, तर अंगणात दोन माणसं पहारी घेऊन उभी. मुकादम आईला समजावत होता, "आजी, साहेबांनी घर मूळ रूपात आणायचं ठरवलंय. मुंबईच्या संस्थेने मंजूर केलंय. पाहुणे येतील, ओटीवर राहतील." आईला वाटलं, तू म्हणाला होतास तसं घर पक्कं करायला माणसं आलीत. ती त्यांच्यासाठी चहा ठेवायला उठली, इतकी ती खूश होती.

मग त्याने तुझी चित्रं खाटेवर पसरली.

चित्रं सुंदर आहेत, हे आधी सांगते. कुडाच्या भिंतीची एकेक कारवी तू मोजून काढली आहेस. कणगी, चूल, मेढींच्या खांबांवर टेकलेलं आढं, सगळं जागच्या जागी. अंगणात कोंबड्यासुद्धा काढल्यास. बाबांनी पाहिलं असतं तर सगळ्या पाड्याला बोलावून दाखवलं असतं.

पण चित्रं दोन आहेत. एकावर लिहिलंय 'सद्यस्थिती', दुसऱ्यावर 'मूळ स्वरूप'. पहिल्यात घराच्या उगवतीला पत्र्याची पडवी आहे आणि तिच्यावर तुझ्या वळणदार अक्षरात लिहिलंय, 'बकऱ्यांचा निवारा, नंतरची भर, काढणे. खिडकी परंपरेत बसत नाही.' दुसऱ्या चित्रात पडवी नाहीच. तिथे तू चाफा लावला आहेस.

कमलेश, आपल्याकडे बकऱ्या कधी होत्या रे?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या पडवीत कोण राहतं हे तुला माहीत नाही, असं म्हणू नकोस. नवऱ्याने दुसरी आणली आणि मी माझी पेटी उचलून इथे आले, तेव्हा बाबांनी मला एक शब्दही विचारला नाही. कोयता घेऊन ते रानात गेले आणि कारवी घेऊन आले. पत्रे मोखाड्याहून डोक्यावर आणले. मी कधीतरी बोलून गेले होते, सासरच्या खोलीत खिडकी नव्हती, दिवसासुद्धा अंधार असायचा. त्यांनी कुडात खिडकी ठेवली. उभ्या आयुष्यात त्यांनी घराला खिडकी केली नव्हती, चौकट दोनदा चुकली. तीच ती परंपरेत न बसणारी खिडकी. त्यानंतर त्यांनी काही बांधलं नाही, त्यांना वेळच मिळाला नाही.

पडवी झाली त्याच वर्षी दिवाळीत तू कॉलेजातून आला होतास, आठवतं? याच पडवीत, याच खिडकीच्या उजेडात तू मला तुझं ते जाड पुस्तक दाखवलंस. अडीचशे वर्षांपूर्वी विलायतेतले वास्तुकार जुनी देवळं नि वाडे बघायला कसे अथेन्स आणि रोमला जायचे, दोऱ्या लावून खांब कसे मोजायचे, हे किती रंगून सांगत होतास. त्यांची चित्रं छापून मायदेशी गेली आणि तिकडे श्रीमंतांचे बंगले, बँका, कचेऱ्या तशाच खांबांवर उभ्या राहिल्या. जव्हारच्या राजवाड्याचे खांबसुद्धा त्याच चित्रांची नातवंडं, असं तू म्हणाला होतास. मला ते फार आवडलं होतं.

आणि तो समुद्रकाठचा पडका राजवाडा. रोमच्या बादशहाचा. त्याच्या भिंतींच्या आत आख्खं गाव संसार करत होतं, चुली पेटत होत्या, दोरीवर कपडे वाळत होते. त्यांच्यातला एक वास्तुकार तिथे आला, महिनाभर राहिला. वाडा तेव्हा कसा दिसत होता त्याची चित्रं त्याने माणसांसकट काढली, पण मूळ वाडा कसा असेल ते दाखवताना गाव पुसून टाकलं. तू म्हणालास, "ताई, लोकांनी नक्कल केली ती या पुसलेल्या चित्रांची." मी विचारलं होतं, मग त्या गावातली माणसं कुठे गेली? तू हसलास. "ती तिथेच राहिली गं. नुसती कागदावरून गेली."

तेव्हा मीही हसले होते. पण त्या बिचाऱ्यांच्या दारात पहारी घेऊन कोणी आलं नव्हतं.

उन्हाळ्यात संस्थेचे लोक घर बघायला येणार होते, तेव्हा तू मला बाजूला घेऊन म्हणालास, "ताई, आजचा दिवस रुपी काकीकडे बस, उगाच लोक प्रश्न विचारतात." मी अंथरूण आणि पेटी उचलून गेले. मला वाटलं, घर मोजायला जागा मोकळी हवी असेल. काकीच्या ओटीवरून मला तुमचं हसणं ऐकू येत होतं. आता कळलं, जागा कशासाठी मोकळी करून घेतलीस.

इथे पाड्यावर मला कोणी बोट दाखवलं नाही. नांदली नाही, परत आली, एवढंच लोक म्हणाले आणि भाताच्या लावणीला मला शेजारी उभं केलं. ही लाज तू शहरातून घेऊन आलास. बाबांच्या हातचं शेवटचं काम तू बकऱ्यांच्या नावावर केलंस, कारण चार पाहुण्यांना 'ही माझी बहीण' असं सांगायला तुझी जीभ वळली नाही. मला याचा राग आला आहे, आणि तो हे पत्र लिहूनही कमी होत नाही.

आईला वाचता येत नाही. चित्रावरचं मीच तिला वाचून दाखवलं. तिने चहाचं भांडं चुलीवरून उतरवलं, बाहेर आली आणि पडवीच्या दारात बसली. मुकादमाला म्हणाली, "अठं माझी पोर रहते. माझे घोवानी बांधलीय ती. हात नको लावू." तो बिचारा चांगला माणूस. म्हणाला, "आजी, मी चित्राबाहेर जाऊ शकत नाही. साहेबांनी चित्र बदललं तरच." आणि नाचणी झाली की येतो म्हणून गेला. त्या दिवसापासून आई तुझं नाव घेत नाही. गुडघ्याचं मी वर लिहिलं, हे लिहायचं टाळत होते.

तर ऐक. तो परत यायच्या आधी दुसरं चित्र नव्याने काढ. चाफा पूस, त्याच्या जागी पडवी काढ, खिडकी काढ, बाबांनी ठेवली तशीच वाकडी. आणि बकऱ्या खोडून माझं नाव लिही. संस्थेने मग मंजूर केलं नाही तर नको करू दे, आम्ही गळक्या घरात राहू.

ते जमत नसेल तर मुकादमाला पाठवू नकोस. तू स्वतः ये आणि पहिला पत्रा तुझ्या हाताने काढ. मी आत असेन.

तुझी ताई,
हर्षदा
राहणार : पडवी