होल्डनच्या वहीतला गुरुवार

मार्लीन,

पपांची होल्डन घेऊन मी वेरिबीच्या गाड्यांच्या प्रदर्शनाला जातेय. जागा त्यांच्या नावाने धरलेली आहे, रिकामी ठेवायला जीव होत नाही. फ्रीजमध्ये चीज भरलेल्या पास्तित्सी आहेत. ओव्हनमध्येच गरम कर, मायक्रोवेव्हमध्ये त्यांचा लगदा होतो.

आणखी एक. जुनी गाडी रस्त्यावर काढायच्या आधी परवान्याच्या वहीत तारीख घालून सही करावी लागते, तुला ठाऊक आहे. आज वही उघडली, तर या गुरुवारची तारीख आधीच घातलेली. खाली पपांची सही, शेवटचं अक्षर तसंच लांब ओढलेलं. त्यांना जाऊन दहा महिने झाले.

गुरुवारी ते जेवून कॅसिनोला जायचे आणि चारच्या ठोक्याला परत यायचे. परवा गुरुवारीही चारला मला गॅरेजचं दार वाजल्यासारखं वाटलं. मी चहा टाकायला उठलेसुद्धा.

शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर त्यांची सही तू हुबेहूब करायचीस. मला तेव्हाही कळत होतं. गाडी तू नेली असशील तर सांग, मी रागावणार नाही.

नेली नसशील, तर मात्र काही बोलू नकोस.

मम्मी