निळ्या पेल्यातला वास

कालामाता शहर

प्रिय आई,

घरी दूध नासायला लागलं की मला दारातूनच कळायचं. तेच नाक इथे मला परकं का वाटतं?

तू काळजी करू नकोस. खोली उबदार आहे, जेवणही वेळेवर होतं. बाबांचा गुडघा कसा आहे? लंगडी शेळी व्याली का?

इथे तेलाच्या गिरणीत ऑलिव्हचं तेल निळ्या पेल्यात चाखतात, रंग बघून मत बनू नये म्हणून. मी मात्र वास घेते आणि मत सांगण्याआधी आमचे मुख्य पारखी, प्रोद्रोमोससाहेब, यांचा चेहरा बघते. तेल पारखण्याची पदवी घेऊन आले, तरी सुरुवातीला एकदा माझं चुकलं, तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "पदवीला सर्दी झाली वाटतं, एव्हान्थियाबाई?" सगळे हसले, मीही हसले. तेव्हापासून माझं मत मलाच पटत नाही.

आज एका पिंपातल्या तेलाला कुबट वास आला. साहेबांनी ते आधीच चांगलं ठरवलं होतं. ते मोठ्या टाकीत ओतलं, तर तिथे एकत्र साठवलेलं साऱ्या शेतकऱ्यांचं तेल नासेल. आणि मी चुकले, तर ईस्टरला करार संपल्यावर मला कामावर ठेवणार नाहीत.

"साहेब, पुन्हा एकदा वास घेता का?" मी विचारलं.

"माझं नाक शाबूत आहे, पोरी. तू दमलीस, घरी जा."

मी बरं म्हणाले. पण निघण्याआधी त्या पिंपावर 'ओतू नये' अशी पाटी लावली आणि खाली माझं पूर्ण नाव लिहिलं.

बाबांना एवढ्यात सांगू नकोस.

तुझीच,
एव्हान्थिया