लेबलांची पांढरी कड

४ मार्च, सकाळ
आजपासून आमच्या ग्रंथालयात बारकोड. जबाबदारी माझ्यावर. साहेब म्हणाले, तुम्हाला यातलं कळतं. (कळणारच. अख्खा रविवार व्हिडिओ बघण्यात घालवलाय.) पुस्तकाच्या पाठीवरचा छापील बारकोड फक्त पुस्तक कुठलं ते सांगतो. चार प्रती असल्या तर चारींवर तोच. म्हणून प्रत्येक प्रतीला आपलं वेगळं लेबल. कपाटांवर चौकोनी क्यूआर, मोबाईल धरला की आतल्या पुस्तकांची यादी दिसते. बायकोला हे सगळं बिस्किटाच्या पुड्यावर समजावलं. ती म्हणाली, पुडा इकडे द्या, चहा गार होतोय.

६ मार्च
लेबलं आली. रेषांच्या दोन्ही बाजूंना उगाचच पांढरी जागा सोडलीय. गबाळेपणा. कात्री घेतली आणि अगदी रेषेपर्यंत कापत सुटलो. जेवणाच्या सुट्टीतही कापली. पुस्तकं आता कशी नेटकी दिसतात. छापणाऱ्याला नजरच नाही.

११ मार्च
काउंटरवर बारकोड वाचायचं मशीन वाजत नाही. तिथे ताई बसतात, निवृत्तीला आलेल्या. मशीन धरतात, आवाज नाही. पुन्हा धरतात. रांग दारापर्यंत. कपाटांवरचे क्यूआर मात्र झकास चालतात (ते कापायला मला सवडच झाली नाही). म्हणजे दोष कोडात नाही. नीट पाहिलं तर ताईंचा हात थरथरतो. निदान मला तसं वाटलं.

१३ मार्च
साहेबांच्या कानावर घातलं. ताईंनाही बाजूला घेऊन सांगितलं, गोड शब्दांत. त्या आपल्या हाताकडे बघत राहिल्या. "खरंच थरथरतो का हो? मला कळलंच नाही." मी म्हटलं, वयानुसार व्हायचंच. चेहरा उतरला त्यांचा. मलाही वाईट वाटलं, पण काम ते काम.

१८ मार्च, सकाळ
ताईंना तळघरात पाठवलं, जुनी पुस्तकं पुसायला. काउंटरवर मी. आता बघा म्हणावं.

१८ मार्च, संध्याकाळ
वाजलं नाही. खिडकीतून ऊन येतं, त्याचा परिणाम. उद्या पडदा ओढणार.

१९ मार्च
पडद्याचा संबंध नव्हता. रांगेतल्या एका आजोबांनी चौकशी केली, तुमचाही हात थरथरतो का. मी हसण्यावारी नेलं. ते हसत नव्हते.

२१ मार्च
एक पुस्तक वाजलं! उलटसुलट करून पाहिलं. त्याच्या लेबलाची कड कापायची राहून गेली होती. मशीनसोबत आलेलं पत्रक आज पहिल्यांदा उघडलं. दोन्ही बाजूंची पांढरी जागा लागतेच. रेषा कुठे सुरू झाल्या नि कुठे संपल्या हे मशीनला त्यावरूनच समजतं. कानशिलं तापली. पत्रक दुमडून खिशात घातलं.
तरी मार्ग आहे. छापणाऱ्याने प्रत्येक लेबलाची जादा प्रत दिली होती. तो गठ्ठा तळघरात पडलाय. गुपचूप आणायचा, लेबलं बदलायची. कोणाला पत्ता लागणार नाही.

२२ मार्च
तळघरात गेलो. ताई टेबलाशी, हातात कात्री. सगळा गठ्ठा कापून तयार. म्हणाल्या, तुमची धावपळ चाललेली असते, म्हटलं आपणच कापून ठेवावीत. हाताचा सरावही होतो.
एकेक लेबल पाहिलं. रेषेला घासून कापलेलं, कुठे वाकडं नाही. थरथर औषधालाही नाही.
मग मात्र बोललो. कात्रीचं, पत्रकाचं, सगळंच. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. कात्री टेबलावर ठेवली.
"नातीला कडेवर घ्यायचं सोडलं होतं मी. पडेल म्हणून."
शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. लाज वाटते. दुसरं काही सुचत नाही.

२५ मार्च
साहेबांना सांगितलं. ताई पुन्हा काउंटरवर, मी तळघरात. नवी लेबलं छापायला दिली आहेत. कात्री साहेबांनी आपल्या खणात ठेवली. मागितली तर कशाला हवी ते विचारतात.

१ एप्रिल
नवी लेबलं लागली. वरून टीक टीक ऐकू येतं. संध्याकाळी ताईंची माफी पुन्हा एकदा, नीट मागावी म्हणून जिना चढलो. नात आली होती. तिला कडेवर घेऊन ताई दुसऱ्या हाताने मशीन धरत होत्या. एकदाही चुकलं नाही. मी अर्ध्या जिन्यातूनच परत फिरलो.