दुसऱ्या अंकातला हशा

लंडन,
९ ऑक्टोबर १९३५

प्रिय हेस्टर,

तुझं पत्र आणि जॅमची बरणी, दोन्ही मिळाली. व्हिट्बीला आता बोचरा वारा सुटला असेल. गुडघा जपतेस ना? मी बरी आहे. कालच नाटकाचा पन्नासावा प्रयोग झाला. शनिवारचं तिकीट मागितलं आहेस, पण तिकिटं संपली आहेत. म्हणजे, मला हवी तेवढी मिळतात. पण तू येऊ नकोस.

डेनिसचं तुझ्या कानावर आलंच असेल. खरं आहे ते. तो सत्तावीसचा, मी त्रेपन्नची. वर्तमानपत्रांसाठी सेहेचाळीसची. "तुझ्यासाठी नाटक लिहितोय, ऑगी," म्हणायचा आणि माझ्याच उशीला टेकून वही भरायचा. सगळा वसंत मी जमिनीवर नव्हते. हस, खुशाल हस.

जूनमध्ये पहिलं वाचन झालं. त्या सकाळी त्याचा टाय मीच बांधून दिला होता. सगळ्या मंडळींसमोर मी नायिकेचं पान उघडलं, घसा साफ केला, तर हा म्हणतो, "ते नोरीनचं आहे, बाईसाहेब. तुम्ही आई."

तुम्ही!

नोरीन बावीसची. त्या दोघांचं जमलंय हे माझे कपडे चढवणाऱ्या बाईलासुद्धा ठाऊक होतं, नव्हतं ते मलाच.

नाटकातली ही आई म्हणजे तरण्या पोराच्या मागे लागलेली म्हातारी. संवाद माझेच, अंथरुणात त्याला बोललेले, शब्दन् शब्द. "मानेकडे नको बघूस, डोळ्यांकडे बघ." यावर प्रेक्षक हसून लोळतात.

तिसऱ्या प्रयोगाला मी ते वाक्य मनापासून म्हटलं. कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेतल्या एका बाईने तर रुमाल काढला. मध्यंतरात मॅनेजर गॅडस्बी आत आले. "बाईसाहेब, लोक इथे हसायला येतात. रडायला त्यांना घरं आहेत. उद्या हशा आला नाही, तर मी दुसरी आई बघतो." डेनिस दारात उभा राहून नखं न्याहाळत होता.

दुसऱ्या दिवशी मी हशा आणला. दोन वर्षांत मला दुसरीकडून कुणी बोलावलेलं नाही, हेस्टर.

पण तुला नको म्हणते आहे ते यासाठी नाही.

दुसऱ्या अंकात ही आई आपल्या गावाकडच्या बहिणीची नक्कल करते. तुझी ती नक्कल डेनिसला हसवायला मीच एकदा केली होती. लढाईतून न परतलेल्या तुझ्या लेकासाठी, आर्थरसाठी, तू त्याच्या दर वाढदिवसाला मोजे विणून पेटीत ठेवतेस, ते. आपल्या आईला पुरून आलो त्या संध्याकाळी माझा हात धरून म्हणालीस, "ऑगी, त्याच्या पायाचं माप आठवेनासं झालंय गं." तेही. तुझ्याच आवाजात, तुझ्यासारखी लंगडत. नाटकातला सगळ्यात मोठा हशा त्यालाच येतो.

परवा गॅडस्बींनी विचारलं, "प्रवेश लांबतोय, कापू या का?" डेनिससुद्धा म्हणाला, "कापा." थोडी लाज त्यालाही असावी.

मीच म्हटलं, "राहू दे." नोरीन तेव्हा विंगेत उभी असते, आणि माझ्या टाळ्या थांबेपर्यंत तिला आत येता येत नाही.

क्षमा मागत नाही. मागितली, तर ते बंद करावं लागेल.

रोज संध्याकाळी तुझं सोंग घेणारी,
तुझी बहीण
ऑगस्टा